इगतपुरी की पंढरीची वाट?

नोकरी, घर, मुलंबाळं सगळं जागच्या जागी असूनही ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न पिच्छा सोडत नाही, तेव्हा रजा टाकून जायचं कुठे? आपल्याकडे दोन नावं हमखास निघतात: इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आणि आषाढी वारी.

शिबिरात सगळी भिस्त स्वतःवर. सत्यनारायण गोएंकांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही साधना भारतात आणली. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी साधारण दहा तास बैठक, आर्य मौन (खुणेनेही बोलायचं नाही), मोबाइल जमा, रात्रीचं जेवण नाही. फी नाही, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावरच. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग अधिष्ठान सुरू होतं: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यातून कळ निघते, पाय सोडावासा वाटतो, तरी नुसतं पाहत राहायचं. ती कळ वाढते, सरकते, विरते. आपल्यात एवढी ताकद आहे, हे तिथे अंगावर कळतं.

वारीत ताकद उसनी मिळते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली की जेवण, तंबू, सामानाचा ट्रक यांची सोय होते. दिवेघाटात दम लागला, तर मागून ‘चला माउली’ म्हणत कुणीतरी हात देतं. तुमचा देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही. मुक्कामी समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मगच आरती होते. सगळ्या समाजाने एका दिंडीसाठी खोळंबायचं! श्रद्धेचं याहून सुंदर रूप मला ठाऊक नाही.

माझं मत विचाराल तर आधी वारी. त्यातही घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर नक्कीच वारी. ते दुःख घेऊन दहा दिवस मुक्याने बसणं फार जड जातं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तर केंद्रच शिबिर करू नका म्हणतं. पूर्ण रजा नसेल तर पुणे ते सासवड एवढा टप्पा चाला. शिबिरात अशी सवलत नाही, मधूनच उठून जायचं नसतं.

ज्यांना माणसांचा, बोलण्याचा, सततच्या गलक्याचाच शीण आलाय, त्यांनी मात्र इगतपुरी निवडावी. फक्त अर्ज भरण्याआधी एक ध्यानात घ्या: तिथे जप, माळ, पूजा दहा दिवस बाजूला ठेवावी लागते. हरिपाठाशिवाय संध्याकाळ जात नसेल, तर घाई करू नका.