लॉनवर ‘सेंद्रिय’ फवारणी: 4,500 गेले, कुत्र्याचं पोट सोलवटलं

बेळगावात लॉनवाल्यांचा धंदा कसा चालतो, ते बंगलेवाल्यांना ठाऊक आहे. गवत पिवळं पडलं की ‘हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली’ म्हणायचं आणि पंप उचलायचा. आमच्याकडून 4,500 रुपये घेतले. ‘निंबोळी तेल, कुत्र्याला चालतं’ असं पावतीवर लिहून दिलं. लेखी दिल्यावर माणसाने विश्वास ठेवू नये तर काय करावं?

कुत्र्याच्या पोटावर, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे उठले. डॉक्टर आणि औषधं मिळून 2,350. वर लॉनवाला म्हणतो, ‘चिकन बंद करा, खाण्याची अ‍ॅलर्जी आहे.’ साफ खोटं! केस विरळ असलेल्या आणि गवताला घासणाऱ्या जागाच तेवढ्या भाजल्यासारख्या होतात, तेव्हा आधी जमिनीवर काय मारलंय ते बघायचं.

सगळं कळायला हवं होतं ते कॅनपाशी. लेबल खरवडलेलं, पण कोपऱ्यात पिवळा त्रिकोण अर्धा चिकटून होता. कीटकनाशक किती विषारी ते या त्रिकोणाच्या रंगावरून कळतं: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, हिरवा. पाण्यात ओतल्यावर दुधाळ झालं. साबण घातलेलं निंबोळी तेलही तसंच होतं, तिथेच डोळ्यांत धूळ जाते. मात्र निंबोळीला लसणासारखा उग्र वास असतो, याला रॉकेलचा होता. आणि फवारणाऱ्या पोराने नाकाला फडकं बांधलेलं! सेंद्रिय औषधाला?

शेतीच्या कचेरीत म्हणाले, घरची बाग आमच्याकडे येत नाही. मग अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला, तर सीलबंद डबा आणा, उघड्याचा नमुना घेत नाही. सीलबंद डबा त्या भामट्याकडे मागायचा? 1968 च्या कीटकनाशक कायद्याने निरीक्षकाला गोदामात शिरून झडती घेता येते, पैसे घेऊन कीटकनाशक फवारायलाही परवाना लागतो. एवढं साहेबांना आम्ही सांगायचं? पोलिसांनी तर विचारलं, ‘कुत्रं मेलं का?’

नोंदणी क्रमांक आणि बॅच नंबर नसलेला कॅन फाटकाच्या आत घेऊ नका. कॅनचा फोटो काढा, पैसे यूपीआयनेच द्या. हुमणी खरी असेल तर गवत सतरंजीसारखं गुंडाळून वर येतं, खाली पांढऱ्या वाकड्या अळ्या दिसतात. खणून दाखव म्हणा.

अंगाला लागलंच तर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूने पोट, पंजे धुवा, चाटू देऊ नका. लाळ गळते, अंग थरथरतं, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तर आंघोळीत वेळ न घालवता डॉक्टर गाठा. घरातली पॅरासिटामॉल अजिबात नको. खत म्हणून एरंडीची पेंड टाकू देऊ नका, कुत्री वासाने खातात आणि त्यातलं विष जीव घेतं. ग्राहक तक्रारीसाठी 1915 आहे; पावती हाताशी ठेवूनच फोन करा.