ब्रिटनचं ॲटास सर्टिफिकेट: फी शून्य, पण वेळ भरपूर लागतो

मार्कशीट, आयईएलटीएस, शिफारसपत्रं यांची तयारी सगळेच करतात. ॲटास (अकॅडेमिक टेक्नॉलॉजी अप्रूव्हल स्कीम) मात्र बऱ्याच जणांना ऑफर लेटरमधल्या एका ओळीतच पहिल्यांदा कळतं. तुमच्या शिक्षणाचा शस्त्रास्त्रांसाठी वापर होऊ शकतो का, हे तपासून ब्रिटनचं परराष्ट्र खातं ही परवानगी देतं. एरोस्पेस, मटेरियल सायन्स अशा विषयांत मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्या भारतीयांना ती लागते. जपान, सिंगापूर, अमेरिकेच्या नागरिकांना माफी आहे. एमबीएवाल्यांनी इथेच वाचन थांबवावं. ज्यांना लागते त्यांचा व्हिसा अर्ज तिच्याशिवाय नामंजूर होतो.

अर्ज ऑनलाइन आहे आणि फी एक पैसाही नाही. कन्सल्टंटने ‘ॲटास चार्जेस’ लावले, तर ते त्याच्या खिशात जातात. फॉर्म लांबलचक, पण प्रश्न सरळ: आधीचं शिक्षण, नोकऱ्या, शोधनिबंध, खर्च कोण करणार, दोन रेफरी (तुमची ओळख आणि काम सांगू शकणारी माणसं). त्यातला एक शेवटच्या कॉलेजातला प्राध्यापक असलेला बरा.

घोळ होतो तो अभ्यासाच्या वर्णनात. पीएचडीसाठी विद्यापीठ संशोधनाचा मजकूर आणि विषयाचा सीएएच कोड (ब्रिटनमधल्या विषयांच्या वर्गीकरणाचा क्रमांक) देतं. तो मजकूर शब्दशः चिकटवायचा, ‘सुधारायचा’ नाही. टॉट मास्टर्सला, म्हणजे संशोधनापेक्षा वर्गातल्या शिकवण्यावर चालणाऱ्या मास्टर्सला, मॉड्यूल्सची (कोर्समधल्या पेपरांची) यादी लागते, तीही विद्यापीठाकडूनच घ्यावी. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं नको.

वेळेच्या बाबतीत मात्र ही सेवा निबर आहे. किमान 30 कामाचे दिवस, म्हणजे सहा आठवडे, आणि उन्हाळ्यातल्या गर्दीत त्याहून जास्त. मध्ये ब्रिटनची बँक सुट्टी आली की तो दिवस मोजायचा नाही. पैसे भरून लवकर मिळवण्याची सोय नाही, फोन करूनही फरक पडत नाही. म्हणून मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांच्या शेवटच्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघत बसू नका; कंडिशनल ऑफरवरही, म्हणजे निकालासारखी अट बाकी असलेल्या ऑफरवरही, अर्ज करता येतो.

दोन विद्यापीठांमध्ये मन अडकलं असेल, तर दोन स्वतंत्र अर्ज करा. सर्टिफिकेट त्या विद्यापीठापुरतं आणि त्या कोर्सपुरतंच चालतं. आणि ते मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करावा लागतो, त्यामुळे जानेवारीवर प्रवेश ढकलणाऱ्यांनी तारीख आधी तपासावी.