गूगल वर्कस्पेस आणि तोतया मेल: पैसे वसूल, पण बटणं तुम्हीच दाबायची

तोतया मेल दोन बाजूंनी येतात. एक, तुमच्या डोमेनचं नाव लावून तुमच्या गिऱ्हाइकाला: “आमचं बँक खातं बदललंय, बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका.” दुसरा, मालकाच्या किंवा पुरवठादाराच्या नावाने तुमच्याच अकाउंट्सवाल्याला. पहिल्याचा बंदोबस्त वर्कस्पेस (तुमच्या डोमेनच्या नावाने मेल चालवणारी गूगलची पैसे भरून घ्यायची सेवा) चोख करतं, दुसऱ्याचा अर्धवट.

आधी पहिला. एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकिम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो आदेश) या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या, तिन्ही नोंदी लागतात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच चालते. जुन्या होस्टिंगची तशीच ठेवून गूगलची दुसरी टाकली की दोन्ही बाद. एका नोंदीत डीएनएस लुकअप (ती तपासताना डीएनएसमध्ये पुढच्या नोंदी शोधायच्या फेऱ्या) 10 च्या वर गेले तरी तेच.

खरी मेख डीकिममध्ये आहे. ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, मग ‘ऑथेंटिकेट ईमेल’ असं जाऊन 2048 बिटची किल्ली तयार करायची, डीएनएसमध्ये टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद म्हणून टाकायची आणि परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचं. हे शेवटचं बटण हमखास राहतं. तोवर गूगल स्वतःच्या डोमेनची सही लावतं, त्यामुळे मेलचा तांत्रिक तपशील दाखवणाऱ्या ‘शो ओरिजिनल’मध्ये डीकिमपुढे ‘पास’ दिसतं आणि आपण निर्धास्त! सही तुमच्या डोमेनची नसेल तर डीमार्क ती धरत नाही. शिवाय टीएक्सटीच्या एका तुकड्यात 255 अक्षरंच मावतात. काही डोमेन पॅनेल लांब किल्लीची शेपटी गुपचूप छाटतात. अशा वेळी ती दोन तुकड्यांत द्या.

डीकिम सुरू झाल्यावर 48 तासांनी डीमार्क ‘नन’वर लावा. ‘नन’ म्हणजे नुसती टेहळणी. तोतया मेल अडत नाही. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल गेले याचे अहवाल एक्सएमएल (यंत्राने वाचायच्या) फाइलमध्ये येतात आणि ते वाचायची सोय गूगल देत नाही, ही मोठी उणीव. तरी दोन-तीन आठवडे ते बघाच. वेबसाइटचा चौकशी फॉर्म किंवा बिलिंग सॉफ्टवेअर तुमच्या नावाने परस्पर मेल पाठवत असेल, तर ते तिथेच उघडं पडतं. ते दुरुस्त न करता ‘रिजेक्ट’ (नापास मेल घेऊच नका) लावलं तर तुमचीच बिलं गिऱ्हाइकाकडे पोचणार नाहीत. म्हणून आधी ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’.

आता आत येणारे मेल. जीमेलच्याच सेटिंगमध्ये ‘सेफ्टी’खाली ‘स्पूफिंग अँड ऑथेंटिकेशन’ आहे. कर्मचाऱ्याच्या नावाची नक्कल आणि मिळतंजुळतं डोमेन या दोन्हींना नुसत्या इशाऱ्याऐवजी ‘क्वारंटाइन’ (इथे अर्थ: ॲडमिनने पाहीपर्यंत मेल अडवून ठेवा) निवडा. मालकाने खासगी जीमेलवरून पाठवलेला मेलही मग अडकू शकतो; ती सवय मोडलेलीच बरी.

पुरवठादाराच्या डोमेनमध्ये ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटवले (rn हे m सारखंच दिसतं), तर डीमार्क कामाचं नाही. ते डोमेन भामट्याचंच, त्यामुळे तपासणीत पास. गूगलचं मिळत्याजुळत्या डोमेनचं सेटिंग तुमच्या डोमेनची नक्कल पकडतं, पुरवठादाराच्या डोमेनची नाही. पुरवठादाराचा खरा मेलबॉक्सच फुटला असेल तर कुठलंच सेटिंग पुरत नाही. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन लावायचा, मेलमधल्या नंबरवर नव्हे. एनईएफटी-आरटीजीएस करताना बँक आता खातेदाराचं नाव दाखवते, तेही ताडून पाहा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना सक्तीची करता येते. दहा-वीस माणसांच्या फर्मला यापलीकडे महागड्या प्लॅनची गरज नाही.