चौघांना वेगवेगळं गाठून गेलेला माणूस

2022 च्या दिवाळीत आमच्या आण्णांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्रीच त्यांना साताऱ्याला न्यावं लागलं. आठ दिवसांनी घरी आले आणि ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "मी हाय तवर बांध घालून देतो. माझ्यामागं तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढायला नको."

माणदेशाकडची आमची 9 एकर जमीन. आजोबांपासून आलेली, पण सातबारा एकट्या आण्णांच्या नावावर. एक विहीर, 2 एकर डाळिंब, बाकी ज्वारी-बाजरी आणि पाऊस झालाच तर कांदा. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे हिस्सेदार चौघं: आण्णा, थोरली आक्का, मी आणि धाकटा भाऊ.

पाहुण्यांच्या ओळखीतून एक माणूस घरी आला. तालुक्याला कागदपत्रं करून देतो म्हणाला. आल्या आल्या आण्णांच्या पाया पडला. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो हे त्याला तोंडपाठ होतं, त्यामुळे आमचा विश्वास बसायला वेळ लागला नाही. त्या पहिल्या दिवशी आम्ही सगळे एकत्र होतो. त्यानंतर तो कधीच आम्हाला एकत्र भेटला नाही. ही गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली, आणि हे लिहायला बसलोय तेही त्यासाठीच.

आण्णांना तो मळ्यात गाठायचा. "पोरांसमोर वाटणीचा विषय काढू नका, सुनांमध्ये भांडणं लागतील. तुम्ही सह्या करून ठेवा." असं म्हणून 40,000 रुपये घेतले आणि 100 रुपयांच्या तीन कोऱ्या स्टॅम्पवर त्यांच्या सह्याही घेतल्या.

मला सांगितलं की वाटणीपत्राला बाजारभावाच्या पाच टक्के मुद्रांक भरावा लागतो, पण मी मूल्यांकन कमी लावून घेतो. वर तुकडेबंदीची, म्हणजे ठरावीक मापाहून लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीची, भीती घातली. आमच्या वाट्याला प्रत्येकी दोन एकरांवर जमीन येत होती, तुकडेबंदीचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. दोन हप्त्यांत 1,10,000 रुपये रोख दिले, पावती मागितली नाही. एक गोष्ट लिहायला जड जाते. विहीर माझ्या तुकड्यात येईल असं बघा, हे मीच त्याला म्हणालो होतो. भावाला न सांगता.

भावानेही तेच केलं होतं. रस्त्याकडची बाजू मिळावी म्हणून 30,000 दिले होते.

आक्काचं मात्र वाईट वाटतं. तिचं लग्न 1991 मधलं. त्याने तिला तिच्या सासरी जाऊन सांगितलं, "1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही. भाऊ तुमचं नाव लावायला तयार नाहीत, पण मी लावून देतो." महाराष्ट्राच्या 1994 च्या कायद्यात अशी अट खरंच होती. पण 2005 मध्ये केंद्राचा हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, लग्न कधी झालं याला काही अर्थ उरला नाही. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानेही तो हक्क पक्का केला. जुना कायदा अर्धवट सांगून त्याने माझ्या बहिणीला घाबरवलं. तिने बचत गटातून कर्ज काढून 25,000 दिले आणि भाऊ आपलं नाव काढायला निघालेत या समजुतीने त्यानंतर माहेरी आली नाही. आम्हाला वाटलं, तिला जमिनीचा लोभ सुटलाय. आम्हीही फोन केला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सातबारे आणून दिले. वेगवेगळे हिस्से, वेगवेगळी नावं, खाली शिक्का. आम्ही पेढे वाटले. जूनमध्ये भाऊ पीक कर्जासाठी सोसायटीत गेला. सचिवांनी कागदावरचा पडताळणी क्रमांक टाकून पाहिला, काहीच निघालं नाही. मग गट नंबर टाकून ऑनलाइन सातबारा काढला. त्यावर आण्णा एकटेच. एकही फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोंद, पडला नव्हता. वाटणीपत्र नोंदलं गेलं नव्हतं, तहसीलला अर्जही नव्हता.

त्या संध्याकाळी आक्काला बोलावून घेतलं. ओसरीवर बसून चौघांनी एकेकाने सांगायला सुरुवात केली: कधी भेटला, काय म्हणाला, किती घेतले. भावाच्या मुलीने एका लग्नपत्रिकेच्या मागे आकडे लिहिले. 2,05,000 रुपये. कुणी ओरडलं नाही. आक्का एवढंच म्हणाली, "तू मला इचारलं असतंस तर?" मी तिला तेच विचारणार होतो.

नंतर वकिलांकडे गेलो तेव्हा कळलं, निव्वळ शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क होतं फक्त 100 रुपये. नोंदणी फी वेगळी असायची, तीही माफ करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करूनही वाटप करून मिळतं, आणि त्यात प्रत्येक हिस्सेदाराला नोटीस येते. नोटीस आली नाही आणि काम झालं असं कुणी सांगत असेल, तर ते काम झालेलं नसतं. फेरफाराचंही तसंच आहे. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हे सगळं 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. डिजिटल सहीचा सातबारा 'महाभूमी' या सरकारी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. आम्ही ते 15 रुपये कधी खर्च केले नाहीत.

पोलिसांत तक्रार दिली आहे. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नाही, खोटे सातबारे तेवढे हातात आहेत. माणूस तालुका सोडून गेला.

खरी वाटणी यंदा केली. या वेळी आधी महिनाभर फक्त बोललो. गटाचा नकाशा जमिनीवर पसरून सुना, नातवंडं, मेहुणे, सगळे बसले. विहीर सामाईक ठेवली, पाण्याच्या पाळ्या वारांप्रमाणे लिहून काढल्या, मोटारीच्या वीजबिलाचंही ठरवलं, मागच्या तुकड्याला गाडीवाट सोडली. हे तोंडी राहिलं की पुढच्या पिढीत कुऱ्हाडी निघतात, म्हणून तेही वाटणीपत्रात घातलं. आक्का आधी नको म्हणत होती. आण्णाच म्हणाले, "तुझा वाटा तुझ्या नावावर घे, मग कसायला भावांना दे नायतर देऊ नको." तिने घेतला. मसुदा भावाच्या मुलीने मोठ्याने वाचला, दोनदा, आणि आण्णांनी मधे थांबवून एका बांधाची दिशा दुरुस्त करायला लावली.

ते तीन कोरे स्टॅम्प अजून बाहेर आहेत. त्यावर जुन्या तारखेची विसारपावती, म्हणजे जमीन विकायला आगाऊ पैसे घेतल्याचा कागद, लिहून कुणी दारात उभा राहील, ही भीती काही जात नाही. वकिलांच्या सल्ल्याने पेपरात जाहीर नोटीस दिली आणि सह्यांची गोष्ट तक्रारीतही लिहून घेतली. आण्णा रात्री मधेच उठून विचारतात, "ते कागद घावलं का?" आक्का दर सोमवारी तिच्या मोबाइलवर आपली चावडी उघडून आमचा गट नंबर शोधते आणि मला फोन करून सांगते, "आज काय न्हाई."