पीसी मधेच बंद पडून राहिला होता, बर्डीच्या काकांनी फॉरमॅट न मारता कारण पकडलं

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. एक स्टार कापला तो फोन न उचलण्यासाठी, कामात काही खोट नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण काकांनीच नको म्हटलं, ते एकटे, हाताखाली एक पोट्टा, आणि आधीच टेबलाखाली लोकांचे कॅबिनेट रचून ठेवलेले. नागपूरच्या सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये वरच्या मजल्यावर आहे एवढं सांगते, खरंच गरज असेल त्यांनी मेसेज करा.

मी घरून लग्नाचे अल्बम डिझाइन करते, दिवसभर फोटोशॉप. पीसी २०२१ ला असेंबल केलेला, रायझन ५, आधी ८ जीबी रॅम होती मग नंतर अजून ८ ची स्टिक टाकून घेतली, एक साधं ग्राफिक कार्ड, आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला करंट देणारा पॉवर सप्लायचा डबा, तोच जो कॅबिनेटसोबत फुकटात येतो. उन्हाळा लागला आणि ऐन लग्नसराईत हा मधेच बंद पडायला लागला. कधी फाईल सेव्ह करताना, कधी नुसतं गाणं लावून ठेवलं तरी, कधी मी स्वयंपाकघरात आणि पीसी आपला एकटा बसलेला असताना. आणि मधेच आठवडाभर काहीच नाही, एकदम शहाण्यासारखा चालायचा. ज्याला सांगा तो म्हणे गरम होऊन राहिला असेल, नागपूरचा मे आहे, पंचेचाळीसच्या वर पारा, पंखा लाव. पंखा लावला, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, काही फरक नाही.

काकांकडे जायच्या आधी एका होम सर्व्हिसवाल्यांना बोलावलं होतं, नाव घेत नाही. त्यांचा मुलगा आला, रॅम काढून खोडरबरने घासली, परत लावली, विंडोजमधली मेमरी टेस्ट एकदा चालवली, "रॅम ओके आहे मॅडम" म्हणाला आणि फॉरमॅट मारला. माझे सगळे फॉन्ट, ब्रश, प्लगिन गेले, ते परत टाकण्यात वेळ गेला तो वेगळाच. बंद पडणं चालूच. मग फोन केला तर म्हणे व्हायरस असेल, अँटीव्हायरस घ्या. घेतला. मग म्हणे मदरबोर्ड गेला, जुन्या बोर्डात पैसे टाकण्यापेक्षा नवीन सेट घेऊन टाका. काय तपासलं तर काहीच नाही, नुसतं फोनवर निदान! तिथेच मी थांबले.

काकांचं नाव आमच्याकडे अल्बम छापायला नेणाऱ्या दादाने सांगितलं. कॅबिनेट उचलून नेलं तर त्यांनी ते उघडलंच नाही, आधी विचारलं, "ताई, बंद होते म्हणजे काय होते?" मी म्हटलं स्क्रीन काळी होते आणि परत चालू होतो. तर म्हणाले, "अक्षरं असलेली काळी का मेलेली काळी?"

हा प्रश्न मला आतापर्यंत कोणीच विचारला नव्हता. झालंय असं की विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो जुना निळा स्क्रीन काळा करून टाकलाय, रडका चेहरा पण काढला, आणि आपण बघेपर्यंत पीसी स्वतःच रीस्टार्ट होतो, त्यामुळे विंडोज क्रॅश झालं का करंटच तुटला हे साध्या माणसाला कळतच नाही. काका म्हणाले हे दोन वेगळे आजार आहेत, आधी कोणता ते ठरवू, मग औषध.

त्यांनी माझ्यासमोर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं, त्यात 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' म्हणून येतं, तारखेनुसार लाल फुल्या. मला माहीतच नव्हतं की विंडोज हे सगळं लिहून ठेवतं, आणि हे व्हिस्टाच्या काळापासून आहे बरं का. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोजची नोंदवही. त्यात कर्नल पॉवर ४१ अशा एंट्र्या पडलेल्या. त्याचा अर्थ फक्त एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला, कारण त्यात नसतं. लोक ४१ पाहिला की लगेच पॉवर सप्लाय बदलतात, काकांना त्याचा फार राग आहे. ते आत डिटेल्समध्ये बगचेककोड बघतात. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुतेक करंट तुटला किंवा सगळं एकदम गोठलं. आकडा असेल तर विंडोज स्वतः क्रॅश झालं. माझ्याकडे दोन्ही निघाले! काही एंट्र्यांत शून्य, काहींत आकडा, आणि आकड्यावाल्यांत बरेचदा 'मेमरी मॅनेजमेंट', म्हणजे मेमरीची तक्रार. "तुमच्या घरी दोन चोर येऊन राहिले ताई, म्हणून एक पकडला तरी चोरी थांबत नाही," असं म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक रीस्टार्टची टिक काढून टाकली म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील आणि मला वाचता येईल. सिस्टीम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथे असते ती. घरी बसल्या कोणीही करू शकतं, करून ठेवा.

पहिला चोर रॅम. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस होतं, फुकट मिळतं, विंडोज सुरू न करता थेट त्यावरूनच पीसी चालू होतो आणि रॅमचा कोपरा न् कोपरा लिहून-वाचून बघतो. रात्रभर ठेवलं. पहिल्या फेरीत काही नाही, सकाळी मात्र लाल ओळी. काकांनी फोटो काढून पाठवला होता. विंडोजवाली टेस्ट एकदा चालवून ओके म्हणणं आणि हे यात हा फरक आहे, थोडीशी खराबी असेल तर ती तासनतास दिसत नाही. मग एकेक स्टिक वेगळी चालवली, दोन्ही एकट्या एकट्या व्यवस्थित. म्हणजे स्टिक गेलेली नाही, जोडीत बिनसतंय. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पाहिलं तर जुनी स्टिक २६६६ च्या वेगाची, नवीन ३२०० ची, वेगळ्या कंपनीची, आणि दुसरी स्टिक बसवून देणाऱ्याने दोघींनाही ३२०० वर पळवलेलं. पाकिटावर जो मोठा आकडा असतो तो बरेचदा आपोआप लागत नाही, बायोसमधलं एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू केल्यावर लागतो, आणि ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पळवणं, व्होल्टेज पण बरेचदा १.२ चं १.३५ करावं लागतं. काकांनी दोघींना २६६६ वर आणलं, परत रात्रभर मेमटेस्ट, एक पण लाल ओळ नाही.

आता इथे तो माणूस मला सोळा जीबीचा नवीन जोड विकू शकत होता ना, आणि रॅमचे भाव तुम्हाला माहीतच आहेत. मी घेतला पण असता, कारण लाल ओळी तर मी डोळ्याने पाहिल्या होत्या. त्याने सेटिंग बदललं आणि म्हणाला फोटोशॉपमध्ये तुम्हाला फरक कळणार पण नाही. खरंच कळत नाही. आणि माझ्या काही पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाईली, सेव्ह होऊन पण उघडत नव्हत्या त्याचं कारण पण हेच असावं म्हणाले, रॅममध्ये आकडा उलटला की तोच चुकीचा आकडा डिस्कवर लिहिला जातो. फॉरमॅट मारून हे जन्मात सुधारलं नसतं.

दुसरा चोर दुकानात सापडेना. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्हीवर एकदम लोड देऊन तासभर ठेवलं, पठ्ठ्या बंदच पडत नाही. तापमान पाहिलं, प्रोसेसर अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जाईना. काकांचं म्हणणं, आजकालचे प्रोसेसर गरम झाले तर आधी स्वतःच वेग कमी करतात, पीसी रडत रडत चालतो, त्याच्या पण वर गेलं तर बंद. चालता चालता फट्कन बंद आणि त्याआधी स्लो पण नाही, तर गरमी हा पहिला संशयित नाही. घरी नेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मेलेली काळी. फोन लावला, उचलला नाही, दहा वेळा लावला नाही उचलला, शेवटी व्हॉट्सअ‍ॅप केला तर रात्री उत्तर, "घरी येतो."

आले आमच्या घरी मानेवाड्याला, संध्याकाळी मुद्दाम, सगळ्या गल्लीचे कूलर चालू असतात त्या वेळेला. मल्टीमीटर काढला आणि आधी भिंतीतला प्लग मोजला. २३० च्या जागी २०० च्या आसपास, आणि आमचा कूलर आणि फ्रिज सोबत सुरू झाले की अजून खाली. मग कॅबिनेट उघडून जुन्या पद्धतीचा चार पिनचा जो मोकळा कनेक्टर लोंबत असतो त्यात पिवळ्या आणि काळ्या तारेवर मीटर लावला. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. लोड दिला, मीटर ११.६. कूलर चालू करायला सांगितला, ११.३. मग मी फ्रिजचं बटन बंद-चालू केलं आणि खट्, पीसी मेला. आमच्या सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "झालं का खराब अजून?" काका खूश! इतका खूश मेकॅनिक मी पाहिला नाही, आमचा पीसी बंद पडला म्हणून.

फुकटातला एसएमपीएस, डब्यावर ४५० वॅट छापलेलं, आतून हलका फुलासारखा. चार-पाच उन्हाळे काढले त्याने, आतले कपॅसिटर थकले असणार, व्होल्टेज जरा पडलं की त्याला झेपेना. पण काकांनी लगेच नवीन गळ्यात नाही मारला. स्वतःच्या दुकानातला एक चांगला सोबत आणला होता, तो लावून दिला आणि म्हणाले, "आठवडाभर वापरा. नाही बंद पडला तरच नवीन घ्या, पडला तर मी अजून शोधतो." नाही पडला. मग ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झवाला घेतला, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असा शिक्का असलेला.

जाता जाता अजून दोन गोष्टी केल्या ज्या मी सांगितल्या पण नव्हत्या. कॅबिनेटला हात लागला की मला बारीक झिणझिण्या यायच्या, मी म्हटलं असंच असतं. त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनची तार जोडलेलीच नव्हती, अर्थिंग गायब. एसएमपीएसच्या फिल्टरमधला थोडासा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला रस्ता नसला की तुमच्या बोटातून जातो. याने पीसी बंद पडत नव्हता हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण असं ठेवू नका म्हणाले, तार जोडून पीसी वेगळ्या प्लगवर दिला. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर. त्याच्या मागे एक छोटा स्विच असतो, नॉर्मल आणि यूपीएस असा, आमचा नॉर्मलवर. नॉर्मलवर लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी उडतो. यूपीएसवर केल्यापासून लाइट गेली तरी पीसी चालूच राहतो. तोटा हा की व्होल्टेज जरा कमी झालं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, संध्याकाळी टकटक ऐकू येत राहते आणि बॅटरी लवकर उतरते. आणि ज्यांच्याकडे जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे त्यांनी नवीन एसएमपीएस घेताना विचारून घ्या, काही चांगले एसएमपीएस त्यावर नखरे करतात. आमचा साइन वेव्हचा निघाला म्हणून वाचलो.

पैशाचं सांगते. तपासायचे ४००, रॅमच्या कामाचे वेगळे काही नाही, घरी यायचे ५००, एसएमपीएस ४,२०० चा, त्यावर कंपनीची वॉरंटी आणि पक्कं बिल, पण बिल मागावं लागतं, स्वतःहून देत नाहीत. तपासायचे ४०० ऐकून आमचे हे म्हणाले नुसतं बघायचे चारशे? तर हो, नुसतं बघायचेच. आधीच्यांनी बघायचे शून्य घेतले आणि फॉरमॅट, अँटीव्हायरस मिळून याच्या दुप्पट घेऊन गेले.

आता तक्रारी, कारण स्टार कापलाय. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच, व्हॉट्सअ‍ॅपच करा आणि रात्रीपर्यंत वाट बघा. घाई चालत नाही, लग्नाची डिलिव्हरी आहे वगैरे सांगून काही उपयोग नाही, ते म्हणतात मेमटेस्ट रात्रभरच चालणार. दुकानात बसायला एक स्टूल, त्यावर पण कोणाचा तरी मॉनिटर. जिना अरुंद आहे, कॅबिनेट घेऊन चढताना समोरून कोणी आलं तर परत खाली उतरा. बर्डीचं पार्किंग तर विचारूच नका, मेट्रोने जाणं बरं, पण कॅबिनेट मांडीवर घेऊन बसायची तयारी ठेवा. लॅपटॉप घेत नाहीत, डेटा रिकव्हरी करत नाहीत, सरळ नाही म्हणतात.

आणि जाणार असाल तर रिलायबिलिटी हिस्टरीच्या स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, बंद पडला तेव्हा घरात काय काय चालू होतं ते लिहून न्या, आणि पॉवरची केबल आपलीच घेऊन जा. ती पण ते वाकवून वाकवून तपासतात, माझ्यासमोर एका माणसाचा पूर्ण पीसी ठीक निघाला आणि केबल ढिली होती, त्याच्याकडून फक्त केबलचे पैसे घेतले.