फ्रान्समधले गुलामगिरीचे दोन स्मृतिदिन: १० मे की २३ मे?
१० मे २००१ रोजी सिनेटने तोबिरा कायदा मंजूर केला आणि गुलामगिरी मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरली. २००६पासून हा दिवस पाळला जातो. सरकारी सोहळ्याला तारीख सोयीची, पण तिच्या केंद्रस्थानी संसद आहे. २३ मे रस्त्यावरून आला: १९९८ साली गुलामांचे हजारो वंशज पॅरिसमध्ये मूक मोर्चाने चालले. २०१७च्या कायद्याने हा दिवस बळींच्या स्मृतीला दिला. आमचा कौल यालाच.

सुट्टी मात्र या दोन्हींपैकी एकाही दिवशी नाही. ती फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांत, आपापल्या तारखेला: मार्टिनिकमध्ये २२ मे, रियुनियनमध्ये २० डिसेंबर. सगळ्यांवर एकच तारीख लादली की इथेच अडतं. गुलामांच्या मुक्तीचा हुकूम पॅरिसमध्ये निघाला २७ एप्रिल १८४८ला. तो जहाजाने पोचण्याआधीच मार्टिनिकच्या गुलामांनी उठाव करून गव्हर्नरला मुक्ती जाहीर करायला लावली होती.