सिकिनसच्या पाण्यातून: पेरामा ते पालुकिया फेरीबोट

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून बसने पेरामाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा रात्रीचे ११ वाजत आले होते. सलामिस बेटावरील पालुकियाला जाणाऱ्या फेरीबोटी दिवसरात्र चालतात आणि साधारण १५ मिनिटांत पलीकडे पोहोचवतात. रात्रीची वेळ मी मुद्दाम निवडली होती, कारण इ.स.पू. ४८० मध्ये, ग्रीक आणि इराणी आरमारांमधल्या सलामिसच्या लढाईच्या आदल्या रात्री, सिकिनस नावाचा एक दास अशाच काळोखात याच सामुद्रधुनीतल्या बेटावरून होडीने निघाला होता.

सेवा उत्तम आहे. तिकीट माफक, बोटींची ये-जा इतकी की वेळापत्रक पाहावे लागत नाही. खालच्या डेकवर मोटारी आणि वर कठड्याशी उभे राहायला मोकळी जागा. पेरामाच्या जहाजदुरुस्तीच्या गोद्यांचे दिवे मागे पडतात न पडतात तोच पालुकियाचा धक्का समोर येतो, आणि पाण्याची ही पट्टी किती चिंचोळी आहे ते नकाशाशिवाय कळते.

सिकिनस हा अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीज याच्या मुलांची देखरेख करणारा घरचा माणूस. ग्रीक आरमार पांगण्याच्या बेतात असताना धन्याने त्याला इराण्यांच्या छावणीत धाडले. 'ग्रीक घाबरले आहेत, पळून जाणार आहेत, त्यांना निसटू देऊ नका,' एवढा निरोप त्याने सांगितला आणि तो परतला, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. इराण्यांनी विश्वास ठेवला, रातोरात नाकेबंदी केली आणि सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या सिटालिया बेटावर सैनिक उतरवले. दुसऱ्या दिवशी त्यांची जहाजे या अरुंद पाण्यात एकमेकांवरच आदळली. सिटालियावर आज अथेन्सचे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे.

मला सर्वांत थोर वाटते ती त्याची दुसरी खेप. लढाईनंतर धन्याने त्याला पुन्हा शत्रूकडेच, इराणचा सम्राट झर्क्सीस याच्याकडे पाठवले, आणि सोबतचे लोक होडीत थांबले असता तो एकटा वर जाऊन निरोप सांगून आला. ज्याच्या पहिल्या निरोपाने शत्रूचे आरमार बुडाले, त्याने पुन्हा त्याच शत्रूसमोर उभे राहायचे! थेमिस्टोक्लीजने पुढे त्याला थेस्पिआईचे नागरिकत्व मिळवून दिले आणि श्रीमंतही केले. त्याच वर्षी इराण्यांशी झालेल्या थर्मोपिलीच्या लढाईत ७०० माणसे गमावलेले ते नगर तेव्हा नवे नागरिक घेत होते.

एकच खंत. मी गेलो त्या बोटीवर या लढाईबद्दल एका ओळीचीही पाटी नव्हती. जागा भरपूर आहे, प्रवासीही १५ मिनिटे रिकामेच असतात.

परतताना मात्र दिवसाची बोट घ्यावी आणि पुढच्या बाजूला उभे राहावे. पेरामामागे एगालेओचा डोंगर दिसतो. त्याच्याच पायथ्याशी बसून झर्क्सीसने स्वतःच्या आरमाराची वाताहत पाहिली होती.